अग्निबाणाचा मागोवा आणि उपग्रहांची साक्ष

१. प्रश्नाचे स्वरूप

'मागोवा' ह्या शब्दाच्या मुळाशी 'माग' आहे, आणि माग म्हणजे पुढे गेलेल्याने मागे ठेवलेली खूण. माग काढणारा नेहमी मागे असतो, आणि ज्याचा माग काढावयाचा तो आपण होऊन काही सांगत नाही, असे ह्या शब्दात गृहीत धरलेले आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर अग्निबाणांच्या उड्डाणाचा मागोवा घेण्याची जी पद्धती रूढ झाली ती नेमकी ह्याच स्वरूपाची होती. जमिनीवरील माणूस पाहणारा आणि अग्निबाण हा पाहिला जाणारा, असे हे नाते होते. पुढील सत्तर वर्षांत ते क्रमाक्रमाने पालटत गेले. उपग्रहांच्या साहाय्याने स्थान निश्चित करण्याची विद्या उपलब्ध झाल्यावर अग्निबाण आपले स्थान आपणच सांगू लागला. ह्या परिवर्तनाचे श्रेय बहुधा वाढलेल्या अचूकतेला दिले जाते, आणि अचूकता वाढली ह्यात संशय नाही. तथापि ह्या इतिहासाकडे बारकाईने पाहिले असता असे दिसून येते की, स्थानाविषयी साक्ष कोणी द्यावयाची आणि त्या साक्षीवरून निर्णय कोणी घ्यावयाचा, ह्या दोन गोष्टींत घडून आलेला बदल अचूकतेपेक्षाही दूरगामी आहे.

मागोव्याची गरज दोन कारणांनी उत्पन्न होते. उड्डाणानंतर यंत्राची परीक्षा करावयाची असल्यास ते कोणत्या क्षणी कोठे होते हे ठाऊक असावे लागते, हे पहिले कारण होय. दुसरे कारण अधिक निकडीचे आहे. उड्डाण चालू असताना अग्निबाण भरकटला, तर तो वस्तीवर पडण्यापूर्वी नष्ट करावा लागतो. त्यासाठी प्रक्षेपण-केंद्रावरील सुरक्षा-अधिकारी एका कल्पित बिंदूवर लक्ष ठेवून असतो. ह्या क्षणी इंजिने बंद पडली तर अग्निबाण भूपृष्ठावर कोठे पडेल, तो हा बिंदू. त्यास तात्क्षणिक पतनबिंदू म्हणता येईल. हा बिंदू नकाशावर आखलेल्या मर्यादेबाहेर जाऊ लागला की विनाशाची आज्ञा द्यावयाची, असा नियम आहे. पतनबिंदू ठरविण्यासाठी स्थानाइतकाच, किंबहुना उड्डाणाच्या उत्तरार्धात स्थानापेक्षाही अधिक, वेग अचूक ठाऊक असावा लागतो. अग्निबाणाचा वेग वाढतो तसतसा हा बिंदू अधिकाधिक त्वरेने पुढे सरकतो, आणि कक्षीय वेग प्राप्त होताच तो पृथ्वीवरून नाहीसा होतो. म्हणजे निर्णयासाठी मिळणारा अवधी उत्तरोत्तर कमी होत जातो, आणि चुकीच्या निर्णयाची किंमत मात्र कमी होत नाही.

२. जमिनीवरून पाहण्याचा कालखंड

जर्मनीकडून हस्तगत केलेल्या व्ही-२ अग्निबाणांची अमेरिकेतील उड्डाणे न्यू मेक्सिकोमधील व्हाइट सँड्स येथे १६ एप्रिल १९४६ रोजी सुरू झाली. मागोव्यासाठी तेथे दुर्बिणी बसविलेले कॅमेरे, रडार आणि डॉप्लर परिणामावर आधारलेली एक पद्धती, अशी तिहेरी व्यवस्था होती. डॉप्लर पद्धतीत जमिनीवरून एक रेडिओलहर सोडली जाई. अग्निबाणातील यंत्र तिची कंप्रता दुप्पट करून ती परत पाठवी, आणि निरनिराळ्या ठिकाणी ठेवलेले ग्राही तिच्यातील बदल मोजीत. ह्या मोजणीवरून वेग आणि त्यावरून मार्ग निघत असे. पुढे उपग्रहांच्या बाबतीत जे घडले त्याचे बीज ह्या पद्धतीत होते, म्हणून तिचा येथे मुद्दाम उल्लेख केला आहे.

ही व्यवस्था किती अपुरी होती हे २९ मे १९४७ रोजी दिसून आले. त्या दिवशी व्ही-२ मध्ये फेरफार करून बनविलेला एक अग्निबाण उत्तरेकडे जाण्याऐवजी दक्षिणेकडे वळला, एल पासो शहरावरून गेला आणि सीमेपलीकडे मेक्सिकोतील हुआरेस शहराजवळ एका स्मशानभूमीनजीक आदळला. सुदैवाने कोणी दगावले नाही. परंतु ह्या घटनेचे परिणाम दूरवर पोहोचले. लांब पल्ल्याच्या अग्निबाणांसाठी कॅलिफोर्नियातील एल सेंट्रो हे ठिकाण तेव्हा विचाराधीन होते, आणि तेथून होणाऱ्या उड्डाणांचा मार्ग मेक्सिकोच्या हद्दीतून जाणार होता. मेक्सिकोच्या सरकारने त्यास संमती नाकारली. परिणामी फ्लॉरिडाच्या किनाऱ्यावरील केप कॅनाव्हेरल हे दुसऱ्या पसंतीचे स्थळ पक्के झाले, आणि २४ जुलै १९५० रोजी तेथून पहिले उड्डाण झाले.

केप कॅनाव्हेरलपुढे अटलांटिक महासागर पसरलेला असल्याने वस्तीचा धोका कमी झाला. पण मागोव्याची अडचण वाढली. रडारची दृष्टी क्षितिजाने मर्यादित असते. अग्निबाण दृष्टीआड होण्यापूर्वी त्याला पुढच्या स्थानकाच्या हाती सोपवावे लागे. म्हणून बहामा बेटांपासून अँटिग्वापर्यंत आणि तेथून पुढे, केप कॅनाव्हेरलपासून सुमारे ८,००० किलोमीटरांवरील असेन्शन बेटापर्यंत रडारस्थानकांची साखळी उभारण्यात आली, आणि मधल्या मोकळ्या जागी जहाजे ठेवावी लागली. ही साखळी खर्चाची होतीच, शिवाय तिच्यात एक मूलभूत उणीव होती. रडार अंतर चांगले मोजते. कोन मोजण्यात मात्र लहानशी चूकही अंतराच्या प्रमाणात मोठी होते. एका रेडियनच्या दहा हजाराव्या भागाएवढी चूक ५०० किलोमीटरांवर ५० मीटरांची होते. पाहणारा जितका दूर तितके त्याचे पाहणे अंधुक, हा निसर्गनियम रडारलाही चुकत नाही.

३. प्रश्नाची उलट मांडणी

४ ऑक्टोबर १९५७ रोजी सोव्हिएत संघाने स्पुटनिक सोडला. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या उपयोजित भौतिकी प्रयोगशाळेतील विल्यम गायर आणि जॉर्ज वाइफेनबाख ह्या दोघा तरुण शास्त्रज्ञांनी त्याचे संकेत ऐकण्यास आरंभ केला. उपग्रह जवळ येताना आणि दूर जाताना संकेताच्या कंप्रतेत जो फरक पडतो, तेवढ्यावरून त्याची कक्षा काढता येते, असे त्यांनी दाखवून दिले. जमिनीवरचे एक ठिकाण ठाऊक आणि उपग्रहाचे स्थान अज्ञात, असा हा प्रश्न होता. मार्च १९५८ मध्ये त्याच प्रयोगशाळेतील फ्रँक मॅक्लूर ह्यांनी हा प्रश्न उलटा करून मांडला. उपग्रहाची कक्षा ठाऊक असेल, तर त्याचे संकेत ऐकणाऱ्याला आपले स्वतःचे अज्ञात स्थान काढता येईल काय? उत्तर होकारार्थी होते. त्यातून ट्रान्झिट ही उपग्रहमालिका जन्मास आली. तिचा यशस्वी झालेला पहिला उपग्रह १३ एप्रिल १९६० रोजी कक्षेत गेला, आणि १९६४ पासून ही मालिका पोलॅरिस पाणबुड्यांच्या उपयोगी पडू लागली.

येथे इतिहासातील एक विलक्षण योगायोग नमूद करण्याजोगा आहे. ३० नोव्हेंबर १९६० रोजी ट्रान्झिट मालिकेतीलच एक उपग्रह घेऊन केप कॅनाव्हेरलहून निघालेला थोर जातीचा अग्निबाण बिघडला, तो नष्ट करावा लागला, आणि त्याचे अवशेष क्यूबात जाऊन पडले. त्यांत एक गाय दगावल्याचे वृत्त तेव्हा गाजले. जी विद्या पुढे अग्निबाणांच्या सुरक्षेचा आधार होणार होती, तिचेच वाहन असे भरकटले होते.

ट्रान्झिटचा उपयोग खुद्द अग्निबाणाच्या मागोव्यासाठी मात्र होण्यासारखा नव्हता. एका उपग्रहाच्या आकाशातील फेरीत दहा-पंधरा मिनिटे त्याचे संकेत ऐकावे, तेव्हा कोठे एक स्थान निश्चित होई. शिवाय ऐकणाऱ्याची स्वतःची गती आधीच ठाऊक असावी लागे. संथ चालणाऱ्या जहाजाला हे परवडते. अवघ्या आठ-दहा मिनिटांत कक्षेत पोहोचणाऱ्या, आणि ज्याची गती हाच मुळी प्रश्न आहे अशा अग्निबाणाला ते निरुपयोगी होय.

ही अडचण दूर होण्यासाठी कंप्रतेबरोबर काळाचेही मोजमाप करणे आवश्यक होते. अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेतील रॉजर ईस्टन हे पूर्वी उपग्रहांचा जमिनीवरून मागोवा घेण्याच्या कामावर होते. उपग्रहात अचूक घड्याळ ठेवावे आणि संकेत पोहोचण्यास लागलेल्या वेळेवरून अंतर काढावे, ही कल्पना त्यांनी पुढे नेली, आणि ३१ मे १९६७ रोजी टिमेशन मालिकेतील पहिला उपग्रह कक्षेत गेला. हवाई दलाची अशीच एक वेगळी योजना होती. १९७३ मध्ये ब्रॅडफर्ड पार्किन्सन ह्यांच्या नेतृत्वाखाली ह्या निरनिराळ्या प्रयत्नांचा समन्वय होऊन आज जीपीएस ह्या नावाने परिचित असलेल्या पद्धतीचा आराखडा मान्य झाला. तिचे तत्त्व थोडक्यात असे. स्थानाचे तीन घटक आणि ग्राहीच्या घड्याळातील चूक, अशी चार अज्ञाते असतात. म्हणून एकाच वेळी किमान चार उपग्रहांचे संकेत लागतात. प्रकाश एका मायक्रोसेकंदात सुमारे ३०० मीटर जातो, म्हणून घड्याळांच्या अचूकतेवर सर्व काही अवलंबून राहते. संकेताच्या कंप्रतेतील बदलावरून वेगही त्याच क्षणी मिळतो. पतनबिंदूसाठी जे हवे ते सर्व ह्या पद्धतीत एकत्र आले.

४. मधली अवस्था: ट्रान्सलेटर

ह्या पद्धतीचा पहिला उपग्रह २२ फेब्रुवारी १९७८ रोजी सोडण्यात आला, आणि त्या वर्षअखेरीपर्यंत आवश्यक ते चार उपग्रह कक्षेत होते. सामान्य जगाला तिची ओळख होण्याच्या कितीतरी आधी तिचा उपयोग क्षेपणास्त्रांच्या मागोव्यासाठी होऊ लागला होता, ही गोष्ट फारशी लक्षात घेतली जात नाही. ट्रान्झिट जेथे जन्मली त्याच प्रयोगशाळेने सॅट्रॅक ह्या नावाची व्यवस्था ट्रायडेंट क्षेपणास्त्रांसाठी सिद्ध केली. पाणबुडीतून सोडलेले क्षेपणास्त्र लक्ष्यापासून किती दूर पडले, हे समुद्रतळावरील ध्वनिग्राहींवरून कळत असे. ते का चुकले, हे मात्र कळत नसे. पाणबुडीचे स्वतःचे स्थान चुकले, की क्षेपणास्त्रातील जायरोस्कोप व प्रवेगमापक चुकले, की शेवटच्या टप्प्यावर काही घडले, ह्यांचा निवाडा केवळ पतनस्थानावरून होणे अशक्य होते. संपूर्ण मार्गाचे सूक्ष्म मोजमाप मिळाले तरच प्रत्येक कारणाचा वाटा वेगळा काढता येणार होता. सॅट्रॅकचे प्रयोजन हे होते.

त्या काळचे उपग्रह-संकेतग्राही अवजड होते, आणि तीव्र वेगात संकेताचा धागा पकडून ठेवणे त्यांना जड जाई. जमिनीवर स्थिर असलेल्या ग्राहीला १,५७५.४२ मेगाहर्ट्झच्या संकेतात फार तर पाच किलोहर्ट्झचा फरक सोसावा लागतो. सेकंदाला सात किलोमीटर वेगाने जाणाऱ्या यंत्राच्या गतीमुळे हा फरक सुमारे ३७ किलोहर्ट्झपर्यंत जाऊ शकतो, आणि तो क्षणोक्षणी बदलत असतो. म्हणून क्षेपणास्त्रात ग्राही न बसविता ट्रान्सलेटर नावाचे साधे यंत्र बसविण्यात आले. उपग्रहांकडून आलेला सगळा संकेतसमूह जसाच्या तसा घ्यावयाचा, दुसऱ्या कंप्रतेवर चढवावयाचा आणि खाली पाठवून द्यावयाचा, एवढेच त्याचे काम. जहाजावर आणि किनाऱ्यावर तो संकेत ध्वनिमुद्रणासारखा साठवून ठेवला जाई, आणि स्थान व वेग काढण्याचे गणित मागाहून प्रयोगशाळेत सावकाश केले जाई. एकच उड्डाण पुन्हा पुन्हा तपासून पाहण्याची सोय त्यामुळे झाली.

'ट्रान्सलेटर' हे नाव भाषेच्या अभ्यासकास विचार करावयास लावणारे आहे. अनुवादक अर्थ जाणतो आणि शब्द बदलतो. ह्या यंत्राला अर्थ मुळीच कळत नाही. ते आलेले शब्द केवळ वेगळ्या स्वरात पुन्हा उच्चारते. व्याकरणाच्या परिभाषेत सांगावयाचे तर रडारचे विधान अन्यपुरुषी होते: 'तो तेथे आहे.' ट्रान्सलेटरचे विधान हे दुसऱ्याच्या बोलण्याचे निवेदन होते: 'उपग्रहांनी मला असे सांगितले.' त्याचा अर्थ लावण्याचे काम अद्याप जमिनीवरील माणसाकडेच होते. तथापि एक महत्त्वाची गोष्ट घडून गेली होती. मोजमापाचा आधार जमिनीवरून उपग्रहांकडे गेला होता, आणि अग्निबाण पाहणाऱ्यापासून किती दूर आहे ह्यावर मोजमापाची अचूकता अवलंबून राहिली नव्हती.

५. स्वतः सांगणारा अग्निबाण

पुढील पायरी म्हणजे अग्निबाणातच ग्राही बसवून त्याच्याकडून तयार उत्तर घेणे. तंत्रदृष्ट्या ती १९९० नंतरच्या दशकात सुसाध्य झाली. ग्राही लहान झाले, आणि एप्रिल १९९५ मध्ये जीपीएस पूर्णपणे कार्यान्वित झाल्याचे जाहीर झाले. परंतु मार्गात राजकीय अडथळे होते. जो ग्राही अग्निबाणाचा मागोवा घेऊ शकतो तोच क्षेपणास्त्राला लक्ष्यापर्यंत नेऊही शकतो. म्हणून सुमारे १८ किलोमीटर उंची आणि सेकंदाला सुमारे ५१५ मीटर वेग ह्यांच्या पलीकडे काम करणाऱ्या ग्राहींच्या निर्यातीवर निर्बंध होते, आणि बाजारातील सामान्य ग्राही त्या मर्यादेपलीकडे आपोआप मूक होत असत. शिवाय नागरी उपयोगाच्या संकेतात बुद्धिपुरस्सर मिसळलेली चूक मे २००० मध्ये काढून टाकण्यात येईपर्यंत बाहेरच्या जगाला पूर्ण अचूकता उपलब्ध नव्हती.

ह्यापेक्षाही मोठा अडथळा विश्वासाचा होता. सुरक्षा-अधिकाऱ्यांची परंपरा अशी की, मागोव्याची किमान दोन साधने एकमेकांपासून स्वतंत्र असावीत, आणि ज्याच्यावर संशय घ्यावयाचा त्याच्याच सांगण्यावर विसंबून राहू नये. भरकटलेल्या अग्निबाणाला 'तू कोठे आहेस' असे विचारणे म्हणजे आरोपीलाच साक्षीदार करणे होय, असा आक्षेप घेणे शक्य होते. अग्निबाणाच्या मार्गदर्शनासाठी जडत्वावर आधारलेली जी यंत्रणा असते तिच्या बाबतीत हा आक्षेप सर्वस्वी योग्य आहे. ती आपल्या आरंभीच्या स्थानापासून व दिशेपासून पुढचा हिशेब मांडत जाते. आरंभच चुकला तर पुढचा हिशेब कितीही काटेकोर असला तरी चुकीचा ठरतो.

२५ जानेवारी २०१८ रोजी फ्रेंच गियानातील कुरू येथून निघालेल्या एरियान-५ चे उड्डाण हे ह्याचे बोलके उदाहरण आहे. जडत्वीय यंत्रांना आरंभीची जी दिशा सांगावयाची ती त्या उड्डाणासाठी ७० अंश असावयास हवी होती. नेहमीप्रमाणे ९० अंश अशीच ती राहून गेली. अग्निबाण निर्दोष होता, त्याचे नियंत्रणही निर्दोष होते. तो नियोजित मार्गापासून सुमारे २० अंश दक्षिणेकडे झुकून गेला, आणि आपण योग्य मार्गानेच चाललो आहोत अशी त्याच्या यंत्रणेची समजूत कायम राहिली. ब्राझीलमधील स्थानकाने जेथे त्याचा संकेत अपेक्षिला होता तेथे तो सापडला नाही. उपग्रह अखेर बचावले. परंतु ही चूक आतून दिसण्यासारखी नव्हती, बाहेरूनच दिसण्यासारखी होती.

उपग्रह-दिशादर्शनाचे स्थान ह्या दोहोंच्या मध्ये आहे. ग्राही अग्निबाणात असतो, म्हणून बोलणारा अग्निबाणच असतो. पण तो जे बोलतो त्याचा आधार त्याच्या आरंभीच्या दिशेत किंवा पूर्वीच्या हिशेबात नसतो. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरील उपग्रहांच्या घड्याळांत असतो. आरंभ चुकला तरी ही साक्ष चुकत नाही. म्हणूनच जडत्वीय यंत्रणा आणि उपग्रह-ग्राही ह्यांना परस्परांची तपासणी करणारे दोन स्वतंत्र साक्षीदार मानता येते, आणि विश्वासाचा प्रश्न बऱ्याच अंशी सुटतो. जुनी साखळीही निर्धोक राहिलेली नव्हती. २४ मार्च २०१४ रोजी केप कॅनाव्हेरलच्या मागोवा-व्यवस्थेतील एक रडार विजेच्या बिघाडामुळे निकामी झाले, आणि एवढ्या एका कारणाने दोन वेगवेगळ्या अग्निबाणांची उड्डाणे लांबणीवर पडली. त्यांपैकी अ‍ॅटलस-५ चे उड्डाण १० एप्रिलपर्यंत होऊ शकले नाही.

६. साक्षीपासून निर्णयापर्यंत

स्थानाची साक्ष अग्निबाणातच उपलब्ध झाल्यावर पुढचा प्रश्न अपरिहार्य होता. ती साक्ष जमिनीवर पाठवावी, माणसाने ती पाहावी, निर्णय घ्यावा आणि आज्ञा पुन्हा वर धाडावी, हा फेरा कशासाठी? त्या फेऱ्यातील धोका २५ मे २०१७ रोजी न्यूझीलंडमधील माहिया द्वीपकल्पावर प्रत्ययास आला. इलेक्ट्रॉन नावाच्या नव्या अग्निबाणाचे ते पहिलेच उड्डाण होते. चार मिनिटांनंतर, तो २२४ किलोमीटर उंचीवर असताना, सुरक्षा-अधिकाऱ्यांकडे येणारी माहिती खंडित झाली. नियमाप्रमाणे त्यांनी उड्डाण थांबविण्याची आज्ञा दिली. मागाहून केलेल्या चौकशीत असे आढळले की, अग्निबाणात काहीही दोष नव्हता. जमिनीवरील एका यंत्राच्या आज्ञावलीची मांडणी चुकली होती. अधिकाऱ्यांचे वर्तन नियमास धरून होते. साक्षीदार खरे बोलत होता. ते बोलणे पोहोचले नाही, एवढाच दोष होता.

ह्यावरचा उपाय त्याच वर्षी अन्यत्र प्रत्यक्षात आला होता. १९ फेब्रुवारी २०१७ रोजी केनेडी अवकाश केंद्रातून निघालेल्या फाल्कन-९ मध्ये स्वयंचलित सुरक्षा-यंत्रणा प्रथमच मुख्य यंत्रणा म्हणून वापरण्यात आली. उपग्रह-ग्राही आणि जडत्वीय मापके ह्यांच्याकडून स्थान व वेग घ्यावयाचा, उड्डाणापूर्वी माणसांनी ठरवून दिलेल्या मर्यादांशी त्याची तुलना करावयाची, आणि मर्यादा ओलांडली गेल्यास अग्निबाणानेच स्वतःचा शेवट करावयाचा, अशी तिची रचना आहे. इलेक्ट्रॉननेही ६ डिसेंबर २०१९ च्या उड्डाणापासून हीच पद्धती पत्करली. तिच्यामुळे दूरवरच्या आज्ञास्थानकांवरील अवलंबन कमी झाले, आणि पूर्वी टाळलेले मार्गही खुले झाले. ३० ऑगस्ट २०२० रोजी अर्जेंटिनाचा एक उपग्रह घेऊन फाल्कन-९ फ्लॉरिडाहून दक्षिणेकडे, क्यूबाच्या दिशेने, ध्रुवीय कक्षेत गेला. फ्लॉरिडातून असे उड्डाण १९६९ नंतर प्रथमच होत होते.

ह्या पद्धतीत माणसाचा निर्णय नाहीसा झाला असे म्हणणे बरोबर होणार नाही. तो उड्डाणाच्या क्षणापासून काही महिने मागे सरकला, असे म्हणणे अधिक यथार्थ ठरेल. मर्यादारेषा आखणारा, कोणत्या वस्तीला किती धोका मान्य करावा हे ठरविणारा माणूसच असतो. मात्र प्रत्यक्ष प्रसंगी पुनर्विचार करण्याची संधी त्याला उरत नाही. तसेच, यंत्रणेला योग्य ज्ञान असले म्हणजे योग्य परिणाम होईलच असे नाही. २० एप्रिल २०२३ रोजी टेक्ससमधून निघालेले स्टारशिप भरकटले तेव्हा स्वयंचलित यंत्रणेने विनाशाची आज्ञा दिली होती. परंतु ती अमलात येऊन यान फुटण्यास अपेक्षेपेक्षा पुष्कळच अधिक वेळ लागला. साक्ष आणि निर्णय दोन्ही बरोबर असूनही कृती अपुरी पडू शकते, हा ह्या घटनेचा धडा होय.

७. भारताच्या दृष्टीने

श्रीहरिकोट्याच्या भूगोलाकडे पाहिले असता हा प्रश्न भारताला किती जवळचा आहे हे ध्यानी येते. ध्रुवीय कक्षेत जाणारा पीएसएलव्ही सरळ दक्षिणेकडे निघाला तर त्याचा मार्ग श्रीलंकेवरून जाईल. तो धोका टाळण्यासाठी त्याला आधी आग्नेयेकडे जाऊन मग वळण घ्यावे लागते, आणि ह्या वळणात इंधन खर्च होऊन वाहूनेण्याजोगे वजन घटते. तमिळनाडूतील कुलशेखरपट्टणम येथील नव्या प्रक्षेपण-केंद्राची पायाभरणी २८ फेब्रुवारी २०२४ रोजी झाली, तिचे एक कारण हेच आहे. पूर्वेकडे जाणाऱ्या उड्डाणांचा मागोवा श्रीहरिकोट्यानंतर पोर्ट ब्लेअर, ब्रूनेई आणि इंडोनेशियातील बिआक येथील स्थानकांकडून घेण्याची प्रथा आहे. म्हणजे येथेही परदेशच्या भूमीवर विसंबणारी साखळीच आहे. २५ डिसेंबर २०१० रोजी जीएसएलव्ही-एफ०६ च्या उड्डाणात सुमारे ४७ सेकंदांनी नियंत्रण-आज्ञा वाहून नेणाऱ्या तारांची जोडणी सुटली, आणि ६४ व्या सेकंदाला सुरक्षा-अधिकाऱ्याला विनाशाची आज्ञा द्यावी लागली. ह्या दोन क्षणांमध्ये केवळ सतरा सेकंदांचे अंतर आहे.

जमिनीवरील साखळी सोडून उपग्रहांवर विसंबावयाचे ठरविले तर ते उपग्रह कोणाचे, हा प्रश्न लगेच उभा राहतो. १ जुलै २०१३ रोजी पहिला उपग्रह सोडून भारताने स्वतःच्या दिशादर्शक उपग्रहमालिकेस आरंभ केला आणि २८ एप्रिल २०१६ रोजी नियोजित सात उपग्रहांतील सातवा कक्षेत धाडला, त्यामागे हा विचार होता. परंतु पहिल्याच उपग्रहातील परदेशी बनावटीची आण्विक घड्याळे पुढे बंद पडली, आणि स्वदेशी घड्याळ असलेला उपग्रह २९ मे २०२३ रोजी जाऊ शकला. साक्षीदार स्वतःचा असणे आणि त्याची स्मरणशक्ती शाबूत असणे ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असे ह्यावरून म्हणता येईल. युरोपच्या गॅलिलिओ मालिकेची सेवा जुलै २०१९ मध्ये जवळजवळ आठवडाभर खंडित झाली होती, ती जमिनीवरील व्यवस्थेतील दोषामुळे. तेव्हा साधनसंपन्न राष्ट्रेही ह्याला अपवाद नाहीत.

८. समारोप

वरील विवेचनावरून तीन गोष्टी स्पष्ट होतात. उपग्रह-दिशादर्शन हे अग्निबाणाच्या मागोव्यातूनच जन्मलेले आहे. स्पुटनिकचा माग काढण्याच्या प्रयत्नात त्याचे तत्त्व सापडले, आणि वीस वर्षांनी तेच तत्त्व क्षेपणास्त्रांच्या मागोव्यासाठी परत आले. दुसरी गोष्ट अशी की, त्याचे खरे मोल स्वतंत्र साक्षीत आहे. अग्निबाणाच्या आतील हिशेबाला बाहेरचा आधार देऊन, त्याचे म्हणणे पडताळून पाहण्याची सोय त्याने करून दिली. तिसरी गोष्ट अशी की, ह्या सोयीमुळेच निर्णयाचा अधिकार यंत्राकडे सोपविणे शक्य झाले, आणि म्हणून उपग्रहांची घड्याळे, त्यांचा क्षीण संकेत आणि त्यात अडथळा आणण्याची शक्यता, ह्या सर्वांची जबाबदारी आता सुरक्षेच्या विचारात येऊन पडली आहे. १९४७ मध्ये हुआरेसजवळ राहणाऱ्या लोकांना आपल्या डोक्यावरून काय जात आहे हे ठाऊक नव्हते, आणि ते सोडणाऱ्यांनाही ते कोठे पडेल हे सांगता आले नसते. आज सोडणाऱ्याला ते सांगता येते. मार्गाखाली राहणाऱ्यांच्या वतीने मर्यादा कोणी, कोणत्या निकषावर आखावयाची, हा प्रश्न मात्र कोणत्याही उपग्रहाने सुटणारा नाही. त्याचे उत्तर उड्डाणापूर्वी माणसांनीच दिलेले असावे लागते.